चाळीस हजार पगार म्हणजे घरी किती?

कापूस वेचणीची घाई आहे, तेव्हा बऱ्याच जणी आज रेडिओ बांधावर ठेवून ऐकत असतील. ऐका तसंच, हात थांबवू नका.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी ६०,००० रुपयांचा कर्जमागणी अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, 'मुलाला परदेशी नोकरी'. "पोऱ्या सौदीले चालना, माय!" असं सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. मुलगा दहावी करून आयटीआयचा वेल्डर झालेला, सध्या जळगावच्या एमआयडीसीत कामाला. एजंटनं पगार सांगितला ४०,००० आणि खर्च सांगितला १,२०,०००. अर्धे पैसे गटाकडून, अर्धे सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी. म्हणजे नुसतं सावकाराचं व्याजच महिन्याला १,८००.

सगळ्या जणी हो म्हणायला तयार होत्या. खरं सांगते, मीसुद्धा. पण आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, "चाळीस हजार कुठल्या कागदावर लिहिलेत?" कागद नव्हताच. होता तो मोबाइलवरचा मेसेज. मी बी.ए. झालेली, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

मग ताईंच्या मुलानं एजंटच्या मागे लागून करारनामा मागवला. त्यात ४०,००० हा आकडा कुठेच नव्हता. मूळ पगार, ज्याला तिकडे बेसिक म्हणतात, १,००० रियाल. जेवणाचा भत्ता ३०० रियाल. राहायची सोय मालकाकडून. एक रियाल आपण हिशोबाला २३ रुपये धरू, भाव थोडा खालीवर होतो. १,३०० रियालचे झाले २९,९००. मग वरचे दहा हजार कुठले? ते ओव्हरटाइमचे! एजंटनं ओव्हरटाइम धरून पगार सांगितला होता.

सौदीत कामाचे तास दिवसाला ८, आठवड्याला ४८. त्यापुढच्या प्रत्येक तासाला नेहमीचा पगार आणि वर बेसिकचा निम्मा दर द्यायचा, असा तिथला कायदा आहे. आम्ही पाटीवर मांडलं. या मुलाला ओव्हरटाइमच्या एका तासाचे साधारण साडेसात रियाल पडतात. दहा हजार रुपये भरून काढायला महिन्याला साठेक तास जास्त काम करावं लागेल. रोज दोन-सव्वादोन तास, तेही कंपनीकडे तेवढं काम असेल तर. शिवाय ३०० रियाल त्याच्या जेवणातच जाणार. म्हणजे ओव्हरटाइम नसलेल्या महिन्यात घरी येतील २०,०००, फार तर २३,०००. जळगावात तो आज किती कमावतो, हे ताईंनी मनातच ठेवलं, पण त्या गप्प झाल्या.

बेसिक नीट बघायचं आणखी एक कारण सांगते. दुबईकडे नोकरी सोडताना जे पैसे मिळतात, ते वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकवर मोजतात, भत्ते त्यात येत नाहीत. म्हणून काही मालक बेसिक कमी आणि भत्ता जास्त लिहितात. एकूण तेवढंच दिसतं, पण शेवटी हातात कमी पडतं. कतारनं २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल ठरवला आहे. राहणं-जेवण मालकानं दिलं नाही, तर त्यासाठी वर ५०० आणि ३०० रियाल द्यावे लागतात.

आता एजंटचं. आपल्या सरकारच्या नियमानं नोंदणी झालेल्या भरती एजंटला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. मग वरचे ८४,६०० कशाचे? आमच्या ताईंनी ते विचारलं, तर उत्तर आलं, "सीट दुसऱ्याला देतो." एजंटची नोंदणी आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर दिसतं. आपले सरकार केंद्रावरचा मुलगा दोन मिनिटांत बघून देतो. गावात फिरणारा माणूस "मी मुंबईच्या मोठ्या एजंटचा माणूस" म्हणाला, तर त्या मुंबईच्या ऑफिसची नोंदणी बघा आणि पैसे त्याच ऑफिसच्या बँक खात्यात भरा. आणि व्हिजिट व्हिसावर जाऊन "तिकडे गेल्यावर बदलू" असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. त्या व्हिशावर काम करणं गुन्हा आहे, पगार बुडाला तर तक्रारीलाही तोंड राहत नाही.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला ईसीआर म्हणतात. त्यांना आखाती देशांत कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते, त्यासाठीचं मुंबईचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. त्यांना प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो, अपघाती मृत्यूला १० लाखांचा. दहावी झालेल्याला ही परवानगी लागत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ असा की त्याचा करार सरकार तपासत नाही. तो आपणच तपासायचा.

कराबद्दल फार जणी विचारतात. सौदी, दुबई, कतार, कुवेत इथे पगारावर आयकर नाही. भारतात काय, ते दिवसांवर ठरतं. नोकरीसाठी गेलेला माणूस एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर तो अनिवासी, आणि त्याच्या तिकडच्या पगारावर इथे कर नाही. पण हा मुलगा डिसेंबरात निघाला, तर या वर्षी तो निवासीच. डिसेंबर ते मार्चचा तिकडचा पगार इथल्या उत्पन्नात धरायचा. एवढ्या कमाईवर कर लागणार नाही, पण तिकडे बँक खातं उघडलं असेल तर कर शून्य असला तरी रिटर्न भरून ते खातं दाखवावं लागतं.

नवऱ्यानं किंवा मुलानं घरी पाठवलेले पैसे तुमचं उत्पन्न नाही, त्यावर कर नाही. मात्र नवऱ्यानं दिलेल्या पैशांची ठेव तुमच्या नावावर ठेवली, तर तिचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. मुलानं आईला दिले, तर व्याज आईचं. अनिवासी झाल्यावर त्यानं एनआरई खातं उघडावं, त्यावरच्या व्याजाला कर नाही. पैसे बँकेतून किंवा परवाना असलेल्या एक्स्चेंजमधूनच यावेत. हुंडीवाला दोन पैसे जास्त देतो, पण ते बेकायदा आहे, आणि उद्या जमीन घेताना पैसा कुठून आला हे दाखवायला कागद लागतो.

आमच्या गटानं शेवटी असं ठरवलं: करारनामा, व्हिशाची प्रत आणि एजंटच्या नोंदणीचा कागद इतिवृत्ताला जोडायचा, मगच कर्ज. तेही पावतीच्या रकमेएवढंच. करार आला आहे. नोंदणीचा कागद अजून आलेला नाही. मुलगा अजून एमआयडीसीतच आहे. ताई बैठकीला येतात, बचत भरतात, पण माझ्याशी जरा तुटकच बोलतात. परवा मात्र जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "शेजारणीचा पोरगाबी त्याच एजंटकडे गेलाय. तो हिशोब तिला पण मांडून दे." मी रविवारी पाटी घेऊन जाणार आहे.