खेळण्यातला रोबोट आणि आपला संकासुर
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या दिसल्या. गणपतीसमोर कार्टूनवर भाषण? मी साहित्यिक नाही, समीक्षकही नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन सरकारी नोकरीत लागलेला माणूस आहे. कुठलीही वस्तू दिसली की ती आतून कशी चालते हे बघायची खोड मात्र जुनी आहे. त्याच खोडीतून आजचा विषय निघाला.

जपानमध्ये २०१५ साली 'क्यू ट्रान्सफॉर्मर्स' नावाची एक छोटी कार्टून मालिका आली. भाग जेमतेम काही मिनिटांचा. त्यातले रोबोट म्हणजे गुबगुबीत, बुटकी खेळणी. मुलांना माहीत असलेले अवाढव्य ट्रान्सफॉर्मर्स जग वाचवतात, पण ही बुटकी मंडळी बसून गप्पा मारतात. गप्पांचा विषय काय, तर १९८६ साली त्यांच्याच नावावर निघालेला एक व्हिडिओ गेम. तो इतका अवघड, की खेळ सुरू होतो न होतो तोच नायक मरतो! आपल्या नावाचा हा गेम लोक हसत हसत का आठवतात, यावर हे वीर गंभीरपणे चर्चा करतात. पुढच्या मालिकेचे नाव तर 'आणखी लोकप्रिय होण्याची वाट' अशा अर्थाचे आहे. जगाला वाचवणारे वीर आपली लोकप्रियता वाढावी म्हणून धडपडताहेत, ही त्यातली गंमत.

ही गंमत कळायला थोडा इतिहास पाहावा लागतो. ट्रान्सफॉर्मर्समध्ये आधी खेळणी आली आणि मागाहून कथा. जपानच्या टाकारा कंपनीकडे गाडीचा रोबोट होणारी खेळणी होती. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ती घेतली, १९८४ साली नवे नाव देऊन बाजारात आणली आणि त्यांच्यासाठी कथा, कॉमिक आणि कार्टून तयार करून घेतले. म्हणजे खेळणे खपावे म्हणून त्याला शूर पूर्वज, शत्रू आणि युद्ध मिळाले. तीस वर्षांनी त्याच खेळण्यांना बसवून आपल्या दुकानदारीवर हसायला लावणे, हे धाडसच म्हटले पाहिजे.

जपानी कार्टूनला आपली मुले 'ॲनिमे' म्हणतात. त्याचे काही ठरलेले रिवाज आहेत. नायक वार करण्याआधी वाराचे नाव मोठ्याने ओरडतो. १९७२ च्या 'माझिंगर झेड'मध्ये रोबोटची मूठ सुटण्याआधी 'रॉकेट पंच' अशी आरोळी ऐकू येते. मुठीला ऐकू येत नाही, पण घरातल्या मुलाला येते, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात तो तेच ओरडतो. दुसरा रिवाज रूपांतराचा. रोबोटचे भाग एकेक करून जुळत असतात आणि तोवर समोरचा राक्षस मुकाट्याने उभा राहतो. खरे तर त्याने तेव्हाच एक फटका मारला तर मालिका पहिल्या भागातच संपेल!

हे रिवाज आले कुठून? निम्मे तरी काटकसरीतून. जपानी दूरदर्शनवर १९६३ साली ओसामू तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका दर आठवड्याला येऊ लागली. पैसा कमी, वेळ त्याहून कमी. म्हणून चित्रे कमी काढायची, आणि एकदा काढलेली जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरायची. रूपांतराचा तोच प्रसंग दर भागात दिसतो त्यामागेही हेच गणित आहे. अडचणीतून निघालेली युक्ती पुढे शैली झाली आणि प्रेक्षक तिचीच वाट पाहू लागले.

आता मंडळी, जरा पेडण्याकडे वळू या. पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन्ही तालुक्यांत जत्रा आणि काला आला की दशावतार आठवतो. रंगमंचावर एक बाकडे आणि मागे पडदा. तेच बाकडे इंद्राचे सिंहासन, तेच कैलास, तेच अरण्यातला दगड. एका बाजूला हार्मोनियम, मृदंग आणि झांज. राजा येतो आणि आपण कोण, कुठला, किती पराक्रमी हे सगळे सांगतो. युद्धात मृदंगाच्या तालावर गिरक्या होतात, आणि एकाचे पद चालू असेल तर दुसरा तलवार उगारून शांतपणे थांबतो. आपण कधी म्हणतो का, की हा वार का करत नाही? नाही म्हणत, कारण तो रिवाज आपल्या अंगात मुरला आहे. कंपनीचा संसार एका पेटाऱ्यात मावला पाहिजे, ही इथलीही अडचण होती. जपानच्या चित्रकाराने आणि आपल्या दशावताऱ्याने एकमेकांना पाहिले नव्हते, पण तुटपुंज्या साधनांत प्रेक्षकाला बांधून ठेवायची रीत दोघांनाही सापडली.

आणि या रिवाजांवर हसणारा आपल्याकडेही आहे. तो म्हणजे संकासुर! मुख्य आख्यानाच्या आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते आणि मग हा येतो. काळा वेश, लोंबणारी लाल जीभ. हा वेद चोरणारा दैत्य, शेवटी विष्णूच्या हातून मरणारा. पण मरेपर्यंत तो सगळ्यांची फिरकी घेतो. इतर पात्रे ग्रंथातली मराठी बोलतात, हा मालवणीत बोलतो. समोर बसलेल्या गावकऱ्यालाही सोडत नाही. ज्या मंचावर नुकतीच गणपतीची पूजा झाली त्याच मंचावर ही थट्टा चालते, आणि तिने कुणाचा देव बाटत नाही.

जपानचा तो बुटका रोबोट म्हणजे मला खेळण्यातला संकासुरच वाटतो. दोघेही घरातलेच आहेत. बाहेरून कोणी येऊन केलेली ती टवाळी नव्हे. आचार्य अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' लिहिली तेव्हा त्यांनी आपल्या काळच्या कवींचे विडंबन केले. त्या कविता ज्यांना ठाऊक होत्या ते पोट धरून हसले. ज्यांना ठाऊक नव्हत्या त्यांना त्या नुसत्या विचित्र ओळी वाटल्या असतील. विडंबनाचे हे असे आहे. मूळ गोष्ट जवळून माहीत असल्याशिवाय हसूच येत नाही.

माझे आजचे म्हणणे इथेच आहे. आपली मुले त्या रोबोटच्या विनोदावर खळखळून हसतात, कारण जपानी कार्टूनचे सगळे रिवाज त्यांना तोंडपाठ आहेत. तीच मुले जत्रेत संकासुरासमोर बसली तर बहुतेक मोबाईल बाहेर काढतील. त्यांची बुद्धी कमी नाही. त्यांना मूळ गोष्ट कुणी सांगितलेली नाही, एवढेच. त्यातच आता आख्यान लवकर सुरू व्हावे म्हणून आडदशावतार आटोपता घेतला जातो. हसणारा प्रेक्षक नसेल तर संकासुराने यायचे तरी कुणासाठी?

म्हणून कार्टून बंद करा असे मी सांगणार नाही. माझ्या पिढीनेही दूरदर्शनवरच्या मोगलीसाठी रविवारची सकाळ राखून ठेवली होती, आणि ती मालिकाही जपानीच होती. माझी विनंती साधी आहे. एक दिवस मुलांच्या शेजारी बसून ते कार्टून पाहा आणि त्यांना विचारा, यात हसायचे काय आहे ते सांग बघू. ती आनंदाने सांगतील, अगदी मास्तर होऊन सांगतील. मग दिवाळी झाल्यावर जत्रा सुरू होतील तेव्हा त्यांना बरोबर न्या, आणि जाता जाता गाडीतच सांगा: संकासुर कोण, त्याने वेद कशाला चोरले, राजा आपली ओळख इतकी लांबण लावून का देतो, बाकड्याचे सिंहासन कसे होते. दहा मिनिटांचे काम आहे. शक्य असेल तर आख्यानाची वाट न पाहता आडदशावतारालाच जाऊन बसा, आणि जत्रेच्या समितीतले जे कोणी इथे बसले आहेत त्यांनी कंपनीला सांगावे की संकासुराला घाई करू नका.

मुलांनी एकदा त्याच्या बोलण्यावर मनापासून हसून दाखवले की समजा, दशावतार त्यांचाही झाला. उद्या त्यांच्यातलाच कोणी संकासुर आणि रोबोट यांची जुगलबंदी काढेल, कुणी सांगावे? नरकासुराच्या सांगाड्याला मोटर बसवून त्याची मान फिरवणारी पोरे आपल्याच गावात आहेत. त्यांना हेही जमेल.



गणपती बाप्पा मोरया!