उसण भरली तर आणि भरू नये म्हणून



पेरणीची घाई असते, ट्रॉलीतून खताची गोणी उतरवताना पाठीत चमक निघते आणि माणूस जागीच वाकलेला राहतो. घरात एकच ओरड, "उसण भरली!" मग लाथ मारायला पायाळू माणसाचा शोध सुरू होतो. ही लाथ मारून घेऊ नका. पोरालाही पाठीवर चालवू नका. का, ते सांगतो.

कण्यातल्या मणक्यांच्या मधे गाद्या असतात. वाकून, हात लांब करून ओझं उचललं की कमरेतल्या गाद्यांवर ओझ्याच्या कितीतरी पट ताण येतो. भरलेली बादली आधी अंगाशी धरा, मग हात लांब करून धरा, फरक कळेल. त्यातच कंबर वळवली, तर गादी सरकून पायाकडे जाणारी नस दाबते आणि कळ पोटरीपर्यंत उतरते. अशा पाठीवर लाथ बसली तर काय होईल?

युरियाची गोणी 2018 पासून 45 किलोची झाली, डीएपीची 50 चीच आहे. ती दोघांनी उचलावी. एकट्याला उचलावीच लागली, तर गुडघे वाकवून बसा, गोणी पोटाशी घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा. वळायचं असेल तेव्हा पाय फिरवा, कंबर नको. फवारणीच्या पंपात 16 लिटर पाणी म्हणजे 16 किलो झाले, पंपाचं वजन वेगळं. तो जमिनीवरून उचलून पाठीवर टाकू नका. बांधावर किंवा गाडीच्या साटीवर ठेवा, दोन्ही पट्टे खांद्यात घाला, मग उठा.

भगिनींची कंबर खुरपणीत आणि कांदा लावणीत जाते. अर्ध्या-पाऊण तासाने उभं राहावं, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागं झुकावं. मुकादम कुरकुर करील, करू द्या. ओळीतल्या पिकात सायकल कोळपं उभ्यानं चालतं, तेवढी खुरपणी वाचते. आणि घरचा हंडा गड्यानं आणला म्हणून कमीपणा येत नाही!

उसण भरलीच तर गरम शेक घ्या, ओझं उचलू नका, पण खाटेला खिळूनही राहू नका. झेपेल तेवढं घरात, अंगणात चालत राहा. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. बाजारातली बिननावाची पुडी मात्र घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे.

माझ्या पाहण्यातल्या एका शेतकऱ्याची पाठ धरली आणि दुसऱ्या दिवशी लघवी अडकली. उन्हाची लागली असेल म्हणून घरच्यांनी चार दिवस जिऱ्याचं पाणी दिलं. शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता. आज तो चालतो, पण लघवीला नळीच लागते. म्हणून नीट ऐका: पाठदुखीबरोबर लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधे बधिरपणा आला, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप आणि वजनात घट असेल, तर मणक्याचा क्षयही असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

अशा रोग्याला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. 108 ला फोन करा, गाडी येईपर्यंत त्याला सपाट खाटेवर निजवा आणि लघवी किती वाजल्यापासून बंद आहे ते लक्षात ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.