चित्र, आवाज आणि मधली तार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, महागाई किंवा नव्या श्रमसंहिता यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर आम्ही वर्षभर गेटसभांतून बोलतच असतो. आज आम्ही एका तारेविषयी बोलणार आहोत. ती हातभर लांबीची, करंगळीपेक्षा बारीक असते. पडद्यावर ती कधी दिसत नाही. पण माणसाचे बोलणे त्याच्या ओठांशी जुळून यावे, यासाठी चित्रपटवाले तिच्यावर विसंबून असतात. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे शिकलो ते कारखान्यातल्या मिस्त्रीकडून आणि वाचनालयाच्या बाकावर. म्हणून पंडिती भाषा आमच्याकडून निघणार नाही, हे आपण गोड मानून घ्यावे.

आता कोणी विचारील, आपल्या शहराचा चित्रपटाशी संबंध काय? संबंध आहे. नागराज मंजुळे आणि भाऊराव कऱ्हाडे हे दोघेही आपल्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकलेले. कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ हा मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाचा चित्रपट. २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत, चित्रीकरणाच्या जागीच केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार याच चित्रपटासाठी महावीर सब्बनवाल यांना मिळाला. उघडे माळरान, वारा, मेंढरांचा कलकलाट, आणि त्यांतून माणसाचे बोलणे जिथल्या तिथे टिपायचे, हे सोपे काम नव्हे.

जिथल्या तिथे टिपायचे, म्हणजे काय? १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला. तेव्हा चित्र आणि आवाज एकाच वेळी, एकाच फितीवर घेत. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून पुष्कळसे चित्रीकरण रात्री करावे लागे. पुढे हलके पण खडखडाट करणारे कॅमेरे आले, बाहेरचे चित्रीकरण वाढले, आणि आपल्याकडे आवाज नंतर स्टुडिओत भरण्याची रीत पडली. २००१ सालच्या ‘लगान’मध्ये जागीच घेतलेला आवाज वापरला, आणि मोठ्या निर्मात्यांचे लक्ष पुन्हा या पद्धतीकडे वळले.

आम्हांला हा प्रश्न भाषेचा वाटतो. पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराचे बोलणे वेगळे, अकोल्याच्या आदिवासी पाड्यावरचे वेगळे. नट नसलेला गावचा माणूस कॅमेऱ्यासमोर एकदा मनापासून बोलून जातो. तेच बोलणे, तोच दम, तोच अडखळा त्याने महिन्यानंतर मुंबईच्या बंद खोलीत पुन्हा द्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. मग त्याच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज बसवतात. ज्यांना एरवी कोणी बोलू देत नाही, त्यांचा आवाज पडद्यावरही दुसऱ्याचाच असावा काय?

पण जागीच आवाज घ्यायचा म्हटले की अडचण येते ती घड्याळाची. चित्र कॅमेरा घेतो. चांगला आवाज मात्र वेगळ्या यंत्रात, बोलणाऱ्याजवळ धरलेल्या माइकमधून घेतात. दोन यंत्रे म्हणजे दोन घड्याळे. घड्याळाचा ठोका स्फटिकावर चालतो, आणि साधा स्फटिक दहा लाख सेकंदांत तीसएक सेकंद चुकू शकतो. चूक क्षुल्लक वाटते. पण हिशेब करा: एका तासात ती ०.१०८ सेकंद होते. सेकंदाला २५ चित्रे धरली तर एक चित्र ०.०४ सेकंदाचे, म्हणजे तासाभरात जवळजवळ तीन चित्रांचा फरक. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो.

जुना उपाय आपल्याला ठाऊक आहे: पाटीवर फळी आपटायची, आणि ती मिटलेली दिसते तिथे तिचा आवाज जुळवायचा. १९५१ साली स्टीफन कुडेल्स्की यांनी नाग्रा नावाचे उचलून नेण्याजोगे ध्वनिमुद्रण यंत्र काढले. पुढे अशा यंत्रांना कॅमेऱ्यातून एक तार जोडीत. कॅमेऱ्याच्या गतीची खूण त्या तारेतून आवाजाच्या फितीवर उमटे. म्हणजे कॅमेरामन आणि ध्वनिमुद्रक एका दाव्याला बांधलेले! आजचा उपाय टाइमकोडचा. प्रत्येक चित्रावर तास, मिनिट, सेकंद आणि चित्राचा क्रमांक, असा शिक्का. एका शिक्क्यात ८० खुणा; सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला २,००० खुणा. कानाने ऐकले तर नुसती किरकिर. तोच शिक्का आवाजावरही पडला की संगणक दोन्ही जोड्या आपोआप लावतो. उत्तम स्फटिकाची यंत्रे दहा लाखांत एकच सेकंद चुकतात. तरी दिवसाच्या अखेरीस दोन चित्रांचा फरक पडतोच. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तार लावून सर्व घड्याळे एका वेळेवर आणतात.

जेवणाच्या सुट्टीचे नाव निघाले म्हणून सांगतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या वतीने रविवारची सुट्टी मागितली, आणि दुपारी अर्धा तास मागितला. घड्याळ कोणाचे मानायचे, हा कामगार चळवळीचा पहिला प्रश्न होता. यंत्रांचा तंटा तारेने मिटतो, माणसांचा कराराने.

आता ती तार. बाजारात तयार मिळते, पण परदेशी बनावटीची असली तर काही हजार रुपये पडतात, आणि एकीने भागत नाही. प्रत्येक कंपनीच्या यंत्राचे तोंड निराळे: कुठे पाच पिनांचा लेमो, कुठे चार पिनांचा, कुठे फिरवून बसवायचा बीएनसी, कुठे हेडफोनसारखी साडेतीन मिलिमीटरची पिन. भाड्याने आज हा कॅमेरा मिळतो, उद्या तो. म्हणून जाणते ध्वनिमुद्रक तार स्वतः बनवतात किंवा हाताच्या माणसाकडून बनवून घेतात.

पाच पिनांच्या लेमोचे उदाहरण घ्या. ध्वनिमुद्रण यंत्रांवरच्या नेहमीच्या रचनेत पहिली पिन ग्राउंडची, दुसरीवर टाइमकोड आत येतो, पाचवीवरून बाहेर जातो. दोन यंत्रांमध्ये सरळ तार लावली, म्हणजे दोनला दोन आणि पाचला पाच जोडले, तर दोन्ही यंत्रे बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही. वाटाघाटीच्या टेबलावर आम्ही हा प्रकार पुष्कळदा पाहिला आहे! म्हणून एका टोकाची पाच दुसऱ्या टोकाच्या दोनला न्यायची. तार आवरणाच्या जाळीची घ्यायची, नाहीतर ती किरकिर शेजारच्या माइकच्या तारेत शिरते. स्लीव्ह आणि कनेक्टरचे मागचे अंग आधी तारेवर ओवायचे, मग सोल्डर करायचे. क्रम चुकला तर सगळे उकलावे लागते. पिनेची वाटी तांदळाच्या दाण्याहून बारीक. उष्णता जास्त झाली तर प्लॅस्टिक वितळते, कमी झाली तर टाका कोरडा राहतो आणि नेमका चित्रीकरणात सुटतो. ओढ टाक्यावर न येता तारेच्या सालीवर यावी, म्हणून मागची पकड घट्ट करायची. शेवटी मीटरने प्रत्येक पिन तपासायची, तार हलवून पुन्हा तपासायची, आणि दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची.

ज्या स्वस्त कॅमेऱ्याला टाइमकोडचे तोंडच नाही, त्यालाही मार्ग आहे. टाइमकोड हा आवाजच. तो माइकच्या छिद्रातून एका बाजूच्या ट्रॅकवर घ्यायचा. फक्त तो माइकला झेपणार नाही इतका जोरकस असतो. दहा हजार ओहमचा रेझिस्टर वाटेत आणि शंभर ओहमचा ग्राउंडकडे जोडला की जोर शंभराव्या हिश्शावर येतो. काही रुपयांचे हे दोन दाणे. पण त्यांच्यामुळे तालुक्याच्या पोरांचा साधा कॅमेराही मोठ्यांच्या पंगतीला बसतो.

हे काम आपल्या शहराला परके नाही. नागापूरच्या एमआयडीसीत पॅनेलचे वायरिंग करणारे, हार्नेस बांधणारे हात आहेत. त्यांना पिन, टाका, जाळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि इथे आमचा मूळ मुद्दा येतो. चित्रीकरणावर मदतनीस म्हणून काम केलेला एक तरुण आमच्याकडे आला होता. तीन रात्री बसून त्याने सहा तारा बनवल्या. निर्मात्याने कनेक्टरांची पावती पाहून पैसे दिले. हातांचे दिले नाहीत. म्हणाला, हे तर तुझ्या कामातच आले. हे वाक्य आम्ही विडी कामगार बायांच्या तोंडून फार वर्षे ऐकत आलो आहोत. पाने भिजवायची, कातरायची, सगळे घर त्यात राबायचे. मोजणी मात्र हजार विड्यांची. तयारीचे श्रम हिशेबात कोणी धरत नाही, कारण धरले की पैसे द्यावे लागतात.

१९८१ साली केंद्र सरकारने चित्रपट कामगारांसाठी कायदा केला. लेखी कराराशिवाय कामावर घेऊ नये, हे तत्त्व त्यात आले. २०२० च्या संहितेतही दृक्श्राव्य कामगारांसाठी ते आहे. तत्त्व कागदावर आहे. कागद मात्र त्या पोराच्या हातात नव्हता.

मागण्यांशिवाय आमचे भाषण संपत नाही. आज तीन मांडतो. पहिली निर्मात्यांकडे: तार बनवण्याचे तास कामाचे तास धरा, आणि ते करारात लिहा. दुसरी शिक्षणसंस्थांकडे: आयटीआयची वायरिंगची मुले आणि कॉलेजातली चित्रपट शिकणारी मुले एका बाकावर बसवा, दोघांनाही एकमेकांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तिसरी मागणी आपणा प्रेक्षकांकडे. आपल्या मुलखाचा माणूस पडद्यावर आपल्याच आवाजात बोलताना ऐकलात, तर नटाचे कौतुक जरूर करा, आणि शेवटी नावे येऊ लागली की ध्वनिमुद्रकाच्या खालची बारीक अक्षरेही वाचा. तिथे मदतनिसाचे नाव नसेल, तर ते का नाही, असे पत्र निर्मात्याला पाठवा. एका पत्राने काही होत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण संघटनाही एका सहीनेच सुरू होत असते.