बॉनेट उघडा, नळ्या मोजा

श्रोतेहो, उमरेड-भिवापूर पट्ट्यात जुना ट्रॅक्टर घ्यायचा विचार असेल, तर नावाच्या आकड्यावर भुलू नका. महिंद्राचा जुना बी-२७५ आणि नंतरचा २७५ डीआय. आकडा एकच, पण पहिल्याला चार सिलिंडर, दुसऱ्याला तीन. एचएमटीचंही तसंच. १९७१ पासून पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या आराखड्यावर बनलेला २५११ दोन सिलिंडरचा. त्याचाच भाऊ शोभणारा ३५११ तीनचा.

मग ओळखायचं कसं? बॉनेट उघडा आणि डिझेल पंपातून नोझलकडे जाणाऱ्या बारीक लोखंडी नळ्या मोजा. जितक्या नळ्या, तितके सिलिंडर. रंग आणि स्टिकर काय, कुणीही नवे लावतो!

इंजिन आणि चेसिसवर ठोकलेले नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा दिसल्या, तर माझ्या मते सौदा तिथंच सोडावा. इंजिन बदललेलं असेल, तर तशी नोंद हवी. कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला मागा. उमरेड तालुका नागपूर ग्रामीण आरटीओकडे येतो. इसार देण्याआधी गाडीची नोंद तपासून घ्या.