कायद्यातला ‘परंतु’

शाळेत आपण ‘परंतु’ हे उभयान्वयी अव्यय पाठ करतो आणि पुढं विसरून जातो. कायद्याच्या भाषेत मात्र या एवढ्याशा शब्दावर एखाद्याचं घर टिकून असतं. कलमात आधी नियम येतो, मग त्याखाली ‘परंतु’ म्हणून सूट येते. तिला परंतुक म्हणतात.

देशात येण्या-राहण्याबाबतचं एक मोठं परंतुक थेट आपल्या राज्यघटनेत आहे. सातवं कलम सांगतं की, १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात निघून गेला, तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही. परंतु जो पुनर्वसनाचा किंवा कायम परतण्याचा परवाना घेऊन माघारी आला, त्याला हा नियम लागू नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत यावर मोठा वाद झाला. काही सभासदांचा कडवा विरोध होता. पंडित नेहरूंनी बाजू घेतली. परंतुक राहिलं. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढच्याच वर्षी त्यांनी आमच्या छावणीजवळ मिलिंद महाविद्यालय सुरू केलं.

१९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर एखादी फांदी कराचीला गेली, अशी घरं मराठवाड्यात बरीच आहेत. माझी फुफी, म्हणजे आत्या, लग्न होऊन तिकडं गेली. एकदा ती माहेरी आली. पाकिस्तानी पाहुण्याच्या व्हिसावर तेव्हा गावांची नावं लिहिलेली असत, पोलिसांत नोंद करावी लागे. तिच्या व्हिसावर औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, एवढंच होतं. तिच्या आईची कबर साठेक किलोमीटरवर, जालन्याला. नियमाप्रमाणे तिला जाता आलं नाही. माझे वडील जाऊन फातिहा पढून आले. ती घरी बसून राहिली.

८ सप्टेंबर २०१२ च्या भारत-पाक व्हिसा करारात ६५ वर्षांवरच्यांना आणि १२ वर्षांखालच्यांना पोलीस नोंदीतून सूट मिळाली. गावंही तीनाची पाच झाली. तोवर फुफी अल्लाला प्यारी झाली होती.

दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे नियम पाहा. भारतीयाशी लग्न करून इथं नांदणारी पाकिस्तानी स्त्री त्यात बसते. लग्नानंतर तिकडची नागरिक झालेली, पण विधवा किंवा घटस्फोटित होऊन, तिकडं सांभाळणारं पुरुषमाणूस नाही म्हणून परतलेली इथली लेकही बसते. म्हणजे सरकारी नियमालाही माहेर कळतं!

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ निरपराधांची हत्या झाली. त्यात आपल्या महाराष्ट्रातली माणसंही होती. त्यानंतर सरकारनं पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. पण आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले. संतापाच्या त्या दिवसांतही परंतुक टिकलं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

१ सप्टेंबर २०२५ पासून आणखी एक सूट आली. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून छळामुळं ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांवर कागदपत्रांअभावी कारवाई होणार नाही. छळलेल्याला आसरा मिळाला, चांगलंच झालं. सूट देताना धर्म पाहिला जातो, तसं म्हातारपण, वैधव्य, आईपणही पाहिलं जावं, एवढंच माझं म्हणणं.

सीमा राखणं हा देशाचा हक्कच आहे. पण सूट ही कुणाच्या मर्जीवर नसावी, ती लिहिलेली असावी. तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी सून किंवा लेक असेल, तर तिच्या व्हिसाची मुदत आजच पाहा आणि नूतनीकरणाचा अर्ज वेळेत करा. २०२५ मध्ये तोच कागद कामाला आला.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)