भिंत कुणाची?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका स्तंभावर, प्राचीन चित्राच्या अंगावरच, एक इंग्रजी नाव कोरलेले आहे. जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. शिकारीस निघालेल्या या लष्करी अधिकाऱ्याला लेणी दिसली आणि त्याने तेथे आपले नाव खरवडले. आज ते नाव डोक्याच्या वर दिसते, कारण त्या वेळी तो दगडमातीच्या ढिगाऱ्यावर उभा होता. ज्याने ते चित्र रेखाटले, त्याचे नाव मात्र आपणांस ठाऊक नाही.

इंग्रजाला नावे ठेवून आपली सुटका नाही. शिवछत्रपतींच्या गडांवर बाणाने विंधलेले बदाम कोरणारे हात आपलेच आहेत. संरक्षित वास्तूच्या विद्रूपीकरणास २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण गडावर पोलीस किती असणार?

भिंतीवर लिहिणे हेच मुळात पाप, असे मी म्हणणार नाही. १९७५ साली वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले, तेव्हा भिंतीच बोलल्या. रात्रीच्या अंधारात चुन्याची बादली घेऊन निघणाऱ्या कार्यकर्त्याने घोषणा लिहिली, स्वतःचे नाव लिहिले नाही. लिहिले असते तर सकाळी 'मिसा' लागला असता, हे खरेच! आज धोका नाही, म्हणून चौकाचौकांत हात जोडलेले चेहरे झळकतात. विद्रूपीकरणाला आळा घालणारा कायदा राज्यात १९९५ पासून आहे. त्या फलकांत आपल्या परिवारातील कुणीच नसते, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

काही चांगलेही घडले. २००९ साली माहीमला सेनापती बापट मार्गालगतच्या लांबच लांब भिंतीवर महापालिकेच्या संमतीने सामान्य नागरिकांनी चित्रे काढली. २०१४ साली वांद्र्याच्या दूरध्वनी इमारतीवर रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळके साकारले. रस्त्याने जाणाऱ्याला तिकीट न काढता कला पाहता यावी, याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु बाजार भिंतीला मोकळे सोडत नाही. वारली चित्रकलेचेच पाहा. लग्नघरी सुवासिनी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. त्यात पालघाट देवी विराजमान होते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता तीच माणसे उपाहारगृहांच्या आणि मॉलच्या भिंतींवर फेर धरून नाचताना दिसतात. चौक नाही, देवी नाही, लग्नही नाही. चित्र काढणारा हात वारली पाड्यावरचा होता का, त्याला दाम किती मिळाला, हे तेथे जेवायला बसलेल्या आपल्यापैकी कितीजण विचारतात?

आणि आपल्या सोसायटीचा जिना? पान खाऊन कुणी थुंकू नये म्हणून आपण कोपऱ्यांत गणपतीच्या, साईबाबांच्या फरशा बसवतो. दुकानात त्या सहज मिळतात. ज्याला देव्हाऱ्यात बसवायचे, त्याला आपण पिंकेच्या पहाऱ्यावर उभे केले आहे. दोन बोटांवरून पिचकारी उडते, ओघळ फरशीवर येतो, आणि झाडूवाली बाई त्याच फडक्याने देवाचे तोंड पुसते. इमारत पुनर्विकासाला गेली की त्या फरशा विटा-सिमेंटच्या राड्याबरोबर डंपरमध्ये पडतात.