लिंकनचा पक्ष आणि काळ्यांचं मत
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



विषय अमेरिकेचा आहे, पण सुरुवात एका शब्दापासून करू. रिपब्लिकन. हा शब्द कानावर पडला की आपल्या वस्तीत निळा झेंडा डोळ्यांपुढे येतो. बाबासाहेबांच्या मनातला पक्ष त्यांच्या पश्चात ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात याच नावाने उभा राहिला. पुढे त्याचे तुकडे किती झाले ते मोजायला आज वेळ नाही. हाच शब्द अमेरिकेतल्या काळ्या माणसापुढे उच्चारा. तो आधी खिसा चाचपून बघेल.

मागच्या बैठकीत आपल्यातल्या एका मित्राने विचारलं, "साठ वर्षं हे काळे लोक डेमोक्रॅटिक पक्षाला दहातली आठ-नऊ मतं देतात. ही मेंढरांची चाल नाही का? दुसऱ्याच्या दारात जाऊन सौदा का करत नाहीत?" प्रश्न झोंबणारा आहे आणि आपल्यालाही लागू आहे, म्हणून उडवून लावणार नाही. आणि असा अभ्यास करणारे आपण पहिलेही नाही. १९४६ साली खुद्द बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली मुंबईत पँथर हे नाव कुठून आलं, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

तर वही उघडू. रिपब्लिकन पक्ष १८५४ साली निघाला तो गुलामगिरीचा विस्तार रोखायला. लिंकन त्याचाच. फ्रेडरिक डग्लस, गुलामीतून पळून आलेला तो जबरदस्त माणूस, त्याच पक्षाचा. गुलामी संपवणारी तेरावी, नागरिकत्व देणारी चौदावी, मताचा हक्क देणारी पंधरावी घटनादुरुस्ती याच पक्षाने १८६५ ते १८७० या काळात करून घेतली. १८७० साली मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा पहिला काळा सिनेटर बसला, तोही रिपब्लिकन. तेव्हाचा डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे दक्षिणेतल्या मळेवाल्यांचा, चाबूकवाल्यांचा पक्ष. आज तिथे कुणी "आम्ही लिंकनचे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. फक्त वहीचं पहिलं पान दाखवतो आणि वही मिटतो.

दुसरं पान १८७७ चं. अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीत रिपब्लिकन हेज खुर्चीवर बसले, आणि त्या सौद्यात दक्षिणेतल्या काळ्यांचं रक्षण करणारं सैन्य मागे घेतलं गेलं. म्हणजे सौदा झाला, पण काळ्यांच्या डोक्यावरून. मग मतासाठी कर, वाचनाच्या परीक्षा, झाडाला टांगलेली माणसं. पक्षाच्या भिंतीवर लिंकनचा फोटो तसाच होता. फोटोला हार घालण्याचा कार्यक्रम आपल्याला काही नवा नाही.

तरीही काळे लगेच सोडून गेले नाहीत. ते हलले १९३६ साली, रूझवेल्टच्या वेळी. मंदीत पोट जळत होतं आणि थोडीफार मदत तिथून येत होती. पण हेही पुरतं जाणं नव्हतं. १९५६ साली रिपब्लिकन आयझेनहॉवर यांना दहातली जवळपास चार काळी मतं पडली. १९६० साली निक्सन यांना साधारण एक तृतीयांश. म्हणजे हा अविश्वास जन्मजात नाही. तो केव्हा जन्मला त्याचं साल सांगता येतं.

ते साल १९६४. जुलैत नागरी हक्कांचा कायदा झाला. सिनेटमध्ये ३३ रिपब्लिकनांपैकी २७ जणांनी बाजूने मत दिलं आणि ६७ डेमोक्रॅटांपैकी ४६ जणांनी. प्रमाण कुणाचं चांगलं? रिपब्लिकनांचं. हा आकडा ते आजही सभेत फेकतात आणि तो खरा आहे. पण पुढचं ऐका. विरोधात गेलेल्या त्या सहा जणांतले एक बॅरी गोल्डवॉटर. आणि कायदा होऊन महिना उलटायच्या आत सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात पक्षाने अध्यक्षपदासाठी कुणाला उभं केलं? याच गोल्डवॉटर यांना! ते स्वतःला वर्णद्वेष्टे म्हणवत नव्हते. घटनेचा, राज्यांच्या अधिकाराचा मुद्दा काढत होते. सभ्य माणूस नेहमी मुद्दाच काढतो.

त्या अधिवेशनात जॅकी रॉबिन्सन होते. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये गोऱ्यांची भिंत १९४७ साली फोडणारा हा खेळाडू १९६० साली निक्सनचा प्रचार करत हिंडला होता. पक्षात राहून पक्ष बदलू म्हणणाऱ्यांतला. सॅन फ्रान्सिस्कोहून तो हादरून परतला, आणि त्याने गोल्डवॉटरच्या विरोधात काम केलं.

गोल्डवॉटर सपाटून आपटले. स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर पाचच राज्यं मिळाली : मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलिना. नकाशा बघा म्हणजे कळेल मतं कुणाची होती. काळ्यांची मतं शंभरातली सहाच्या आसपास. त्यानंतर आजपर्यंत अध्यक्षीय निवडणुकीत त्या पक्षाला काळ्यांची पाचातलं एक इतकीही मतं मिळालेली नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात साउथ कॅरोलिनाचा स्ट्रॉम थरमंड डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाला. १९५७ साली नागरी हक्काचं बिल अडवायला चोवीस तासांवर सिनेटमध्ये एकटा बोलत उभा राहिलेला हा इसम. त्याच्यासाठी दार उघडलं, तेव्हा रॉबिन्सनसाठी ते बंद झालं, वेगळं सांगावं लागलं नाही.

पुढे भाषा सुधारली. शिवी द्यायची नाही, शब्द वापरायचे. कायदा आणि सुव्यवस्था. राज्यांचे हक्क. आपल्याकडे 'गुणवत्ता' हा शब्द कोण, कुणाला उद्देशून, कोणत्या स्वरात म्हणतं? तसंच. ३ ऑगस्ट १९८० ला रेगन मिसिसिपीत नेशोबा काउंटीच्या जत्रेत 'राज्यांच्या हक्कां'वर बोलले. तिथून काही मैलांवर जून १९६४ मध्ये मतदार नोंदणीच्या मोहिमेतली तीन पोरं, एक काळा आणि दोन गोरे, क्लॅनवाल्यांनी मारून मातीत पुरली होती. त्या कटात शेरीफचा डेप्युटी होता. रेगननी त्या तिघांचं नाव घेतलं नाही. गोऱ्यांनी भाषण ऐकलं, काळ्यांनी जागा पाहिली.

याच मिसिसिपीत १९६५ च्या मतदान हक्क कायद्याआधी शंभर काळ्यांतले सात जणही मतदार यादीत नव्हते. १९६७ पर्यंत ते साठाच्या घरात गेले. दोन वर्षांत! सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली या कायद्याचा दात उपटला. आता राज्यांना नियम बदलण्याआधी दिल्लीला, म्हणजे तिथल्या वॉशिंग्टनला, विचारावं लागत नाही. निकाल लागला त्याच दिवशी टेक्सासने अडलेला ओळखपत्राचा कायदा लागू करतो म्हणून जाहीर केलं. त्यात पिस्तुलाचा परवाना चाले, विद्यार्थ्याचं ओळखपत्र चालत नसे. नॉर्थ कॅरोलिनाचा तसाच कायदा २०१६ साली अपील कोर्टाने उडवला, कारण तो काळ्यांवरच नेमका रोखलेला होता. दोन्ही ठिकाणी विधिमंडळ रिपब्लिकनांचं. आणि २०१३ च्या निकालात बहुमतात कोण? क्लॅरन्स थॉमस, काळे न्यायमूर्ती, १९९१ साली रिपब्लिकन अध्यक्षाने नेमलेले. त्यांना तर कायदा आणखी कापायचा होता. कांशीरामांनी १९८२ साली 'चमचा युग' लिहिलं ते पुणे कराराच्या निमित्ताने, पण वाचताना अमेरिकाही दिसते.

२००५ साली त्या पक्षाच्या अध्यक्षाने काळ्यांच्या जुन्या संघटनेपुढे, एन.ए.ए.सी.पी.पुढे जाऊन, गोऱ्यांचा राग मतांसाठी वापरला हे चुकलं, असं कबूल केलं. बरं झालं. मग २०२० साली ट्रम्प यांच्या बाजूने कुठल्या शहरांतल्या मतांवर बोट ठेवलं गेलं? डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, अटलांटा. काळ्यांची शहरं.

आता मित्राच्या प्रश्नाचा उरलेला भाग. डेमोक्रॅट काय सोयरे आहेत? अजिबात नाहीत. ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटीला फॅनी लू हेमर ही मिसिसिपीची शेतमजूर बाई, मतासाठी तुरुंगात मार खाल्लेली, आपल्या लोकांसाठी जागा मागायला गेली. पक्षाने दोन जागा पुढे केल्या. त्यांनी त्या झिडकारल्या. डू बॉइस यांनी तर १९५६ साली दोन्ही पक्ष सारखेच म्हणून मतच द्यायचं नाकारलं. १९९४ चा तुरुंग भरणारा कायदा क्लिंटनचा. चर्चला जाणारे कितीतरी काळे घरच्या रीतीभातीत कर्मठ आहेत, त्यांचे विचार रिपब्लिकनांना शोभतील असे. तरी मत तिकडे जात नाही. ते प्रेमाने मत देत नाहीत. यादीतून नाव कोण खोडणार नाही, एवढं बघून देतात.

२०२४ ला मतदानानंतरच्या पाहण्यांत ट्रम्प यांना काळ्यांची शंभरातली तेराच्या आसपास मतं दिसली, पुरुषांत त्याहून जास्त. महागाई आहे, आणि गृहीत धरल्याचा कंटाळा आहे. त्या पोरांना गद्दार म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. पण सौदा करायला दोन दुकानं लागतात, आणि एक दुकानदार गिऱ्हाइकाचं नाव यादीत आहे की नाही हेच तपासत दारात उभा आहे. अशा वेळी त्या पोराने काय करावं? ज्या मित्राने प्रश्न विचारला त्याने आता पुढे यावं. मी बसतो.